नैराश्यावरच्या गोळ्या : दुष्परिणाम कोणते, आणि गोळी अचानक थांबवली तर काय होते?

वस्तीत, वसतिगृहात आणि अभ्यासिकांमध्ये काम करताना आमच्यापर्यंत एकाच प्रकारची तक्रार वेगवेगळ्या तोंडून येते. 'डॉक्टरांनी डिप्रेशनच्या गोळ्या दिल्या होत्या. तीन महिने घेतल्या, बरे वाटले, म्हणून बंद केल्या. आता चक्कर येते, डोक्यात करंट बसल्यासारखे होते, रात्री भलतीच स्वप्ने पडतात. आजार वाढला का?' घरचे म्हणतात, गोळ्यांची सवय लागली. शेजारचे म्हणतात, बाहेरचे काहीतरी आहे, दाखवून आणा. या गोंधळात माणूस दोन टोकांपैकी एकाकडे जातो. एक तर घाबरून औषधाला कायमचा हात लावत नाही, नाहीतर गुपचूप मेडिकलमधून तीच गोळी मागवून मनाने घेत राहतो. दोन्हीत नुकसान त्याचेच आहे.

आम्ही समाजकार्य करणारे आहोत, डॉक्टर नाही. कोणी कोणती गोळी घ्यावी किंवा सोडावी हे आम्ही सांगणार नाही. गोळी काय करते, तिचे दुष्परिणाम कोणते, ती बंद करताना शरीरात काय घडते आणि डॉक्टरांना काय विचारायचे, एवढेच येथे मांडत आहोत. ही माहिती चिठ्ठीसोबतच मिळायला हवी. पण सरकारी ओपीडीतल्या गर्दीत आणि खासगी दवाखान्यातल्या पाच मिनिटांत ती बहुतेकांना मिळत नाही.

गोळ्या कोणत्या आणि त्या काय करतात?

नैराश्यावरची औषधे योगायोगाने सापडली. १९५० च्या दशकात क्षयरोगावर दिल्या जाणाऱ्या इप्रोनियाझिड या औषधाने रुग्णांचा उत्साह वाढतो, असे लक्षात आले. त्याच दशकात स्वित्झर्लंडमधील मानसोपचारतज्ज्ञ रोलंड कून यांनी इमिप्रामिनचा नैराश्यावरील उपयोग दाखवून दिला. पुढे १९८७ मध्ये अमेरिकेत फ्लुओक्सेटिनला मंजुरी मिळाली आणि आज सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या औषधांचा गट जगभर पसरला.

आपल्याकडे चिठ्ठीवर जी नावे जास्त दिसतात ती अशी. एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन हा एक गट. व्हेन्लाफॅक्सिन, डेस्व्हेन्लाफॅक्सिन, ड्युलोक्सेटिन हा दुसरा. अमिट्रिप्टिलिन, इमिप्रामिन ही जुनी औषधे तिसऱ्या गटात येतात. मिर्टाझापिन वेगळ्या प्रकारचे आहे. पाकिटावर कंपनीने ठेवलेले एक नाव असते. आपण वाचायचे ते पाकिटावरच लिहिलेले औषधाचे मूळ नाव. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची गोळी दिली तर मूळ नाव आणि मिलिग्रॅम तेच आहेत का, हे पाहिले म्हणजे निम्मा गोंधळ संपतो.

मेंदूतल्या पेशी एकमेकींना संदेश देण्यासाठी सेरोटोनिनसारखी रसायने वापरतात. काम झाल्यावर ते रसायन पेशीत परत ओढले जाते. पहिल्या दोन गटांतल्या गोळ्या ही परत ओढण्याची क्रिया रोखतात, त्यामुळे रसायन जास्त वेळ उपलब्ध राहते. मेंदू काही आठवड्यांत या नव्या स्थितीशी जुळवून घेतो. 'तुमच्या मेंदूत सेरोटोनिन कमी आहे' असे सरसकट सांगितले जाते, ते मात्र सिद्ध झालेले नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात या समजुतीला भक्कम आधार सापडला नाही. म्हणून औषधे निरुपयोगी ठरत नाहीत. २०१८ मध्ये ५२२ चाचण्यांचा आणि १ लाख १६ हजारांहून अधिक रुग्णांचा एकत्रित अभ्यास झाला. त्यात तपासलेली सर्व २१ औषधे खोट्या गोळीपेक्षा अधिक परिणामकारक आढळली. सरासरी फायदा मध्यम असतो. कोणाला खूप होतो, कोणाला थोडा, कोणाला अजिबात होत नाही.

नैराश्यामागे बेरोजगारी, कर्ज, घरातली मारझोड, जातीवरून झालेला अपमान ही कारणे असतात आणि गोळी ती कारणे दूर करत नाही. त्यामुळे 'समाजाचा आजार गोळीने बरा होतो का?' असा प्रश्न आपले कार्यकर्ते विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण ज्याला दोन महिने झोप नाही, जेवण जात नाही, अंथरुणातून उठवत नाही, तो माणूस लढणार कसा? गोळी त्याला उभे राहण्यापुरते बळ देऊ शकते. पुढची लढाई उभे राहिल्यावरची आहे.

पहिले दोन आठवडे : त्रास आधी, फायदा नंतर

या औषधांची सर्वात अवघड बाजू म्हणजे दुष्परिणाम पहिल्या दोन-चार दिवसांत सुरू होतात आणि फायदा दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. पूर्ण परिणाम कळायला सहा ते आठ आठवडे जातात. हे आधी सांगितले नसेल तर पाचव्या दिवशी माणूस म्हणतो, 'या गोळीने तर आणखीच बिघडले', आणि पाकीट फेकून देतो.

सुरुवातीला मळमळ, डोकेदुखी, पातळ शौच, तोंडाला कोरड, घाम, हात थरथरणे, जास्त झोप किंवा झोप उडणे, अस्वस्थपणा हे त्रास होतात. बहुतेकांमध्ये ते एक-दोन आठवड्यांत कमी होतात. काही साध्या गोष्टींचा उपयोग होतो. मळमळ होत असेल तर गोळी जेवणानंतर घ्यावी. झोप उडत असेल तर सकाळी घ्यावी, गुंगी येत असेल तर रात्री घ्यावी. वेळ बदलण्याआधी डॉक्टरांना विचारावे. एखाद्या दिवशी गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन एकदम घेऊ नयेत.

अमिट्रिप्टिलिनसारख्या जुन्या औषधांनी तोंडाला जास्त कोरड पडते, बद्धकोष्ठता होते, लघवीला अडते, गुंगी येते. हे औषध अर्धशिशी आणि नसांच्या दुखण्यावरही कमी डोसमध्ये देतात. त्यामुळे चिठ्ठीवर ते दिसले म्हणजे माणसाला नैराश्यच आहे असे समजू नये. जुनी औषधे जास्त प्रमाणात पोटात गेली तर जिवावर बेततात. ज्या घरात कोणाच्या मनात जीव देण्याचे विचार येत आहेत, तेथे गोळ्यांचा साठा घरातल्या जबाबदार माणसाकडे असावा.

जे दुष्परिणाम कोणी बोलून दाखवत नाही

काही त्रास टिकून राहतात आणि लाजेमुळे कोणी सांगत नाही. पहिला त्रास लैंगिक आहे. इच्छा कमी होणे, पुरुषांत वीर्यपतनाला उशीर लागणे, स्त्रियांत समाधान न मिळणे हे या गटातल्या औषधांचे अगदी सामान्य परिणाम आहेत. नवीन लग्न झालेले अनेक तरुण याच कारणाने गोळी बंद करतात आणि डॉक्टरांना कारण सांगत नाहीत. सांगितले तर डोस कमी करता येतो, औषध बदलता येते. फार थोड्या लोकांत हा त्रास औषध थांबवल्यावरही राहतो. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१९ मध्ये माहितीपत्रकात तसा इशारा घालायला सांगितले आहे.

दुसरा त्रास वजनाचा. मिर्टाझापिन आणि पॅरोक्सेटिनने वजन वाढण्याचा संभव जास्त असतो. तिसरा त्रास भावना बोथट होण्याचा. 'रडू येत नाही हे बरे झाले, पण हसूही येत नाही' अशा शब्दांत लोक तो सांगतात. हा आळस किंवा नाटक नाही. तो औषधाचा परिणाम असू शकतो आणि डॉक्टरांना सांगण्यासारखा आहे.

या खुणा दिसल्या तर थांबू नका

बहुतेक दुष्परिणाम त्रासदायक असले तरी धोक्याचे नसतात. काही मात्र धोक्याचे असतात. ते प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत हवेत.

वय २५ पेक्षा कमी असेल तर : औषध सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर पहिल्या काही आठवड्यांत काही तरुणांमध्ये आत्महत्येचे विचार वाढू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये मुले व किशोरांसाठी ठळक चौकटीतला इशारा दिला आणि २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी वाढवला. अर्थ असा की या काळात त्या मुलाला एकटे सोडू नये आणि दर आठवड्याला त्याची चौकशी करावी. औषध न घेतलेले नैराश्यही जीव घेते, हे विसरू नये.

आतून सतत पेटल्यासारखी अस्वस्थता : एका जागी बसवत नाही, पाय हलवत राहावे लागतात, कातडीतून बाहेर पडावेसे वाटते. अशी अवस्था आली तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे.

अचानक अतिउत्साह : झोप दोन तास, बोलणे अखंड, पैसे उधळणे, मोठमोठ्या योजना. काहींच्या नैराश्यामागे द्विध्रुवीय आजार दडलेला असतो आणि नुसती नैराश्याची गोळी दिली की मन उलट टोकाला जाते. घरच्यांना वाटते, पोरगा बरा झाला. हे बरे होणे नाही.

दोन औषधांची टक्कर : ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक, कोरड्या खोकल्याच्या सिरपमधले डेक्स्ट्रोमेथॉर्फन आणि औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावरचे लिनेझोलिड यांच्यासोबत या गोळ्या घेतल्या तर सेरोटोनिन धोकादायक पातळीवर जाऊ शकते. थरथर, स्नायूंना झटके, ताप, घाम, छातीत धडधड, बरळणे अशी लक्षणे दिसली की थेट रुग्णालय गाठावे. आपल्या वस्त्यांत क्षयरोग आहे. म्हणून टीबीचे औषध देणाऱ्याला मनाच्या औषधाबद्दल आणि मनाच्या डॉक्टरांना टीबीबद्दल सांगणे हे जीव वाचवणारे काम आहे.

रक्तस्राव आणि मिठाचे प्रमाण : डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन यांच्यासोबत पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. अंगदुखीसाठी मनाने गोळी घेण्याची आपल्याकडे रीत आहे, ती येथे महागात पडते. वयस्कर माणसांत, विशेषतः बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर रक्तातले सोडियम घटू शकते. आजी अचानक गोंधळली, तोल जाऊ लागला, तर 'वय झाले' म्हणून सोडून देऊ नये, रक्त तपासावे.

गोळी थांबवली की शरीर तक्रार का करते?

मेंदूने काही महिने औषधाशी जुळवून घेतलेले असते. औषध एकाएकी गेले की ती घडी विस्कटते आणि नवी बसायला वेळ लागतो. या काळात चक्कर, डोके हलवले की विजेचा बारीक झटका बसल्यासारखे होणे, मळमळ, घाम, फ्लूसारखी कणकण, झोप उडणे, भडक स्वप्ने, चिडचिड, विनाकारण रडू येणे, घबराट अशी लक्षणे दिसतात. साधारणपणे ती दोन ते चार दिवसांत सुरू होतात. अनेकांत एक-दोन आठवड्यांत ओसरतात, काहींना मात्र महिनोन्महिने त्रास होतो.

कोणत्या गोळीने जास्त त्रास होतो हे ती शरीरातून किती लवकर बाहेर पडते यावर बरेच अवलंबून आहे. व्हेन्लाफॅक्सिनचे प्रमाण सुमारे पाच तासांत निम्मे होते. पॅरोक्सेटिनला साधारण एक दिवस लागतो. या दोन्हींचा एखादा डोस चुकला तरी काहींना लगेच जाणवते. फ्लुओक्सेटिन आणि त्यापासून शरीरात तयार होणारा घटक कित्येक दिवस टिकून राहतो, म्हणून ते जणू स्वतःच हळूहळू उतरते. एस्सिटालोप्रॅम आणि सर्ट्रालिन यांच्या मधे येतात.

हा त्रास किती जणांना होतो यावर संशोधकांत वाद आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश आढाव्यात औषध सोडणाऱ्यांपैकी ५६ टक्के लोकांना लक्षणे जाणवतात असा निष्कर्ष निघाला. २०२४ मध्ये जर्मन संशोधकांनी ७९ अभ्यास आणि सुमारे २१ हजार रुग्ण तपासले. औषध सोडणाऱ्यांपैकी ३१ टक्के लोकांना लक्षणे आली. पण खोटी गोळी सोडणाऱ्यांपैकीही १७ टक्के लोकांना आली. म्हणजे खऱ्या अर्थाने औषधामुळे त्रास होणारे साधारण सहा-सात जणांत एक, आणि तीव्र त्रास होणारे सुमारे ३५ जणांत एक. या अभ्यासातल्या बऱ्याच रुग्णांनी औषध थोडाच काळ घेतले होते, अनेक वर्षे घेणाऱ्यांचे प्रमाण जास्त असू शकते, असा आक्षेप त्यावर घेतला गेला आहे. दोन्ही बाजू धरून एवढे म्हणता येते की हा त्रास खरा आहे, दुर्मिळ नाही, आणि तो सर्वांना होतोच असेही नाही.

बराच काळ डॉक्टरांची पुस्तकेही हा त्रास सौम्य आणि आठवडाभराचा असल्याचे सांगत होती. रुग्णांनी आपले अनुभव लावून धरले. २०१९ मध्ये ब्रिटनच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने आपली भूमिका बदलली आणि काहींना हा त्रास तीव्र व दीर्घकाळ होतो हे मान्य केले. रुग्णाचे म्हणणे ऐकायला व्यवस्थेला वेळ लागतो, पण रुग्ण बोलत राहिले तर ती ऐकते.

मग हे व्यसन आहे का? नाही. व्यसनात माणसाला नशेची ओढ लागते, डोस वाढवत न्यावा लागतो, त्यासाठी घरातले भांडे विकले जाते. या गोळ्यांनी नशा चढत नाही आणि त्यांची तल्लफ येत नाही. शरीर त्यांना सरावते, एवढे खरे. म्हणून सोडताना सावकाश उतरावे लागते.

सोडण्याचा त्रास की आजार परत आला?

हा फरक कळला नाही तर चुकीचे निर्णय होतात. ओळखण्याच्या काही खुणा अशा आहेत.

वेळ पाहावी. सोडण्याचा त्रास बहुधा काही दिवसांत सुरू होतो. आजार परतायला सहसा काही आठवडे किंवा महिने लागतात आणि तो हळूहळू वाढतो.

लक्षणे पाहावीत. चक्कर, डोक्यातले झटके, कणकण या गोष्टी मूळ नैराश्यात नव्हत्या. त्या नव्या आहेत, म्हणजे बहुधा सोडण्याच्या आहेत.

गोळी पुन्हा सुरू केल्यावर काय होते ते पाहावे. सोडण्याचा त्रास एक ते तीन दिवसांत झपाट्याने कमी होतो. परतलेला आजार इतक्या लवकर हटत नाही.

आणि डोक्यातला झटका, रात्रीची घबराट, रडणे यांना 'बाधा' ठरवून कोणी भगताकडे नेत असेल तर त्याच्यासमोर एकच प्रश्न ठेवावा : शेवटची गोळी कधी घेतली होती?

आजार परतण्याची शक्यताही खरी आहे. इंग्लंडमधील एका चाचणीत दीर्घकाळ औषध घेणारे आणि बरे वाटत असलेले ४७८ लोक होते. २०२१ मध्ये तिचे निष्कर्ष आले. वर्षभरात औषध चालू ठेवणाऱ्यांपैकी ३९ टक्के आणि सोडणाऱ्यांपैकी ५६ टक्के लोकांचे नैराश्य परतले. दुसऱ्या बाजूने पाहिले तर सोडणाऱ्यांपैकी ४४ टक्के लोक वर्षभर ठीक राहिले. म्हणून 'आयुष्यभर घ्यावीच लागेल' हेही चूक आणि 'बरे वाटले की लगेच बंद' हेही चूक. पहिल्यांदाच नैराश्य आले असेल तर बरे वाटू लागल्यानंतर किमान सहा महिने औषध चालू ठेवावे, असा सर्वसाधारण सल्ला असतो. वारंवार येत असेल तर हा काळ वाढतो.

सावकाश उतरणे म्हणजे नेमके काय?

डोस टप्प्याटप्प्याने कमी करायचा, प्रत्येक टप्प्यावर शरीराला काही आठवडे द्यायचे, आणि त्रास झाला तर आधीच्या टप्प्यावर परत जाऊन तेथून आणखी लहान पाऊल टाकायचे. ब्रिटनच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत हीच पद्धत सांगितली आहे.

यातली एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. डोस निम्मा केला म्हणजे परिणाम निम्मा होत नाही. सिटालोप्रॅमच्या २० मिलिग्रॅममध्ये सेरोटोनिन परत ओढणारी सुमारे ८० टक्के दारे बंद होतात. डोस निम्म्यावर आणला तरी सुमारे ७० टक्के बंदच राहतात. खरी घसरण शेवटच्या काही मिलिग्रॅममध्ये होते. विहिरीच्या वरच्या पायऱ्या ठेंगण्या आणि शेवटची पुरुषभर उंच असावी, तसे हे आहे. म्हणून अनेकांना अर्ध्यावर येईपर्यंत काही होत नाही आणि शेवटची अर्धी गोळी सोडली की त्रास सुरू होतो. शेवटच्या टप्प्यावर पावले सर्वात लहान हवीत.

एक दिवसाआड गोळी घेऊन सोडण्याची युक्ती बहुतेक औषधांत चालत नाही. त्याने शरीरातले प्रमाण रोज वरखाली होते. फ्लुओक्सेटिन दीर्घकाळ टिकत असल्याने तेवढाच अपवाद होऊ शकतो. कॅप्सूल उघडून किंवा पाकिटावर 'एसआर', 'ईआर' लिहिलेली गोळी तोडून मनाने डोस बनवू नये. गरोदरपणाची बातमी कळताच घाबरून गोळी बंद करू नये, त्याच आठवड्यात डॉक्टरांना गाठावे.

आपल्या देशात आणखी एक धोका आहे. एस्सिटालोप्रॅम आणि क्लोनाझेपाम या दोन औषधांची एकत्र गोळी सर्रास दिली जाते. क्लोनाझेपाम हे झोप आणि घबराटीवरचे वेगळ्या जातीचे औषध आहे. त्याची सवय खरोखर लागते आणि दीर्घकाळ घेऊन ते अचानक थांबवले तर फिट येऊ शकते. पाकिटावर दोन नावे असतील तर आपण दोन औषधे घेत आहोत हे लक्षात ठेवावे आणि डॉक्टरांना विचारावे : यातले दुसरे औषध किती दिवसांसाठी आहे?

आपल्याकडे गोळी का सुटते?

पैसे संपले, मजुरी बुडाली, गोळ्या तालुक्याला मिळाल्या नाहीत. लग्न ठरले, सासरी कळू नये. परीक्षा जवळ आली, गुंगी नको. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीला निघालो, पिशवीत पाण्याची बाटली आणि भाकरी घेतली, गोळ्या घरी राहिल्या. चौथ्या दिवशी गर्दीत चक्कर आली. प्रवासाच्या पिशवीत गोळ्या आणि चिठ्ठीचा फोटो असणे ही साधी गोष्ट आहे, पण तिने बरेच टळते.

दोन प्रश्न आपल्या तरुणांकडून वारंवार येतात. पहिला : मनावर परिणाम करणारी गोळी घेतल्याने पाचव्या शीलाचा भंग होतो का? पाचवे शील प्रमादाकडे नेणाऱ्या मादक पदार्थांबद्दल आहे. आजारावर, योग्य डोसमध्ये, बरे होण्यासाठी घेतलेले औषध त्यात बसत नाही. चीवर, पिंडपात आणि निवासासोबत भेषज, म्हणजे औषध, ही भिक्खूची चौथी गरज मानली गेली आहे आणि विनयपिटकाच्या महावग्गात औषधांवर स्वतंत्र प्रकरण आहे. शील मोडते ते या गोळ्यांवर दारू घेतल्याने. त्याने गुंगी वाढते आणि नैराश्यही वाढते.

दुसरा : विपश्यना केली तर गोळ्या सोडता येतील का? ध्यानाने अनेकांना स्थिरता मिळते. पण दहा दिवसांच्या शिबिराच्या नियमावलीतच लिहिलेले आहे की हे शिबिर वैद्यकीय किंवा मानसोपचाराला पर्याय नाही आणि गंभीर मानसिक आजार असलेल्यांना ते सुचवले जात नाही. शिबिराला जाण्यासाठी आदल्या आठवड्यात गोळी बंद करणे म्हणजे तिसऱ्या-चौथ्या दिवशी, बोलायलाही मनाई असताना, सोडण्याचा त्रास अंगावर ओढवून घेणे. अर्जात आजार आणि औषध लपवू नये.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत झाले. त्यानुसार दर २० प्रौढांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य येते आणि नैराश्य असलेल्या दर १०० जणांपैकी सुमारे ८५ जणांना उपचार मिळत नाहीत. जे १५ जण उपचारापर्यंत पोहोचतात, त्यांचे औषध मधेच तुटू नये एवढे तरी आपल्या हातात आहे.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ हे आपले हत्यार आहे. त्याच्या कलम १८ नुसार अत्यावश्यक यादीतली मानसिक आजाराची औषधे ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सर्व सरकारी रुग्णालयांत सर्व रुग्णांना, सर्व काळ, मोफत मिळाली पाहिजेत. कलम २२ प्रमाणे उपचाराची आणि त्याच्या दुष्परिणामांची माहिती मिळणे हा रुग्णाचा हक्क आहे. कलम २३ प्रमाणे ती गोपनीय राहणे हाही हक्क आहे.

म्हणून खिडकीवर 'गोळ्या संपल्या, पुढच्या महिन्यात या' असे उत्तर मिळाले तर ते साधी गैरसोय म्हणून सोडून देऊ नका. या लेखात वर जे सगळे सांगितले, ते त्या उत्तरामुळे गरिबाच्या वाट्याला येते, आणि डोस कमी करण्याची संधीही त्याला मिळत नाही. केसपेपरवर 'औषध उपलब्ध नाही' असे लिहून मागा. तारीखवार नोंद ठेवा. पाच-दहा नोंदी जमल्या की जिल्हा शल्यचिकित्सकांना लेखी निवेदन द्या आणि माहिती अधिकारात औषधसाठ्याची माहिती मागा. रुग्णांची नावे मात्र बाहेर जाऊ देऊ नका.

वस्तीत ज्यांना गोळ्या चालू आहेत त्यांना या सहा गोष्टी वहीत लिहून द्या : औषधाचे मूळ नाव, मिलिग्रॅम, सुरू केल्याची तारीख, सोबतची इतर औषधे, गोळ्या कोणत्या तारखेला संपतील, आणि पुढची ओपीडी कधी. संपण्याच्या आठवडाभर आधी आठवण करा. डॉक्टरांना विचारायला तीन प्रश्न द्या : हे औषध किती महिने घ्यायचे आहे? कोणता त्रास झाला तर लगेच यायचे? आणि बंद करायची वेळ आली की डोस कसा उतरवायचा?

डॉक्टर लांब असतील, रात्र असेल, मनात जीव देण्याचे विचार येत असतील तर १४४१६ हा केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि मराठीतही बोलता येते. हा क्रमांक विहाराच्या, अभ्यासिकेच्या आणि वसतिगृहाच्या फलकावर लिहा. बीपी आणि शुगरच्या गोळीबद्दल आपण जसे मोकळेपणाने बोलतो, तसे या गोळीबद्दल बोलता आले तर लपवून घेणे आणि लपवून सोडणे दोन्ही थांबेल.